लिव्हर सोडून बाकी दादा

दादा गेल्याचा निरोप घेऊन निवृत्तीनाना नगरजवळ केडगावला आमच्या शाळेच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या काखेत पेरूंची पाटी होती. मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. नानांना पाहून मला आनंदच झाला. राहात्याहून माणूस आलं म्हणजे माहेरच चालत आल्यासारखं वाटतं. मी हसतच बाहेर आले. नानांनी पाटी खाली ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, खंडूअण्णा गेलं. पहाटं गेलं. लई शांत गेलं बघा." मग माझी नजर पाटीकडे गेलेली पाहून ते बिचारे इतके ओशाळले, की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. "काय करावं बाई, पाय उचलला आन् पाटी बी उचलली. तुमच्याकडं मोकळ्या हातानं कंदी आलोच न्हाई." मरणाचा निरोप आणि पाटीभर पेरू... मी रडू लागले आणि मधेच हसूही आले. दादा असता तर म्हणाला असता, "नाना, निरोप इसरला आसता तरी चाललं आसतं, पेरू न्हाई इसरला हे बेस केलं."

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे फार जपून बोलतात, चेहरे लांब करतात. मला त्याचा कंटाळा आला आहे. माझा भाऊ लांब चेहऱ्याचा माणूस नव्हता. उभा जन्म आजारी होता, हे खरं. पण आजारी आणि दुःखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याच्याकडे पाहून शिकले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दादा माझ्याहून बराच मोठा. राहात्याला आमची वडिलार्जित पेरूची बाग, तीच त्याने वाढवली. ऐन तारुण्यात त्याला कावीळ झाली. ती उतरवायला गावातल्या जाणत्याने माळ घातली, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुतले, कुणी उसाचा रस पाजला. कावीळ उतरली, पुन्हा आली, पुन्हा उतरली, आणि जाताना त्याचं लिव्हर कायमचं दुखावून गेली. त्यानंतर दादाच्या ताटातून तेल, तूप, तिखट हद्दपार झालं. ज्वारीची भाकरी, उकडलेली भाजी आणि ताक. सणासुदीला पंगतीत पुरणपोळीवर तुपाची धार पडायची, तेव्हा हा गृहस्थ ताकाची वाटी तोंडाला लावून सगळ्यांना आग्रह करत फिरायचा. त्यातून लिव्हर बिघडलंय म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. दादाच्या गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूचा थेंब नाही. नगरच्या एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्याला दरडावून विचारलं होतं, "किती वर्षांपासून पिता?" दादा म्हणाला, "ताक व्हय? लहानपनापासनं."

आजारी माणसाला भेटायला जाताना आपल्याकडे सफरचंदं न्यायची रीत आहे. एरवी आमच्या भागात सफरचंद कोण खातो! पण माणूस खाटेवर पडला, की नगरच्या बाजारातून कागदात गुंडाळलेली सफरचंदं येतात. दादा वर्षातून एकदा-दोनदा तरी पडायचा, त्यामुळे अख्ख्या राहात्यात त्याच्याइतकी सफरचंदं कुणी खाल्ली नसतील. दारात पेरूची झाडं वाकून जमिनीला टेकलेली आणि धनी खाटेवर बसून सफरचंदाच्या फोडी चघळतोय, असा तो देखावा असे. एकदा मी सोलून देत होते, तेव्हा म्हणाला, "कमळे, हे फळ म्या कंदी निरोगी बघितलंच न्हाई गं. जवा बगावं तवा कागदात गुंडाळून, दवाखान्यात आल्यावानी. झाडावर कसं दिसत आसंल?" मी म्हटलं, चित्रात दिसतं तसंच. "चित्रातलं नगं," तो म्हणाला. "मला झाडाखाली हुभं ऱ्हायाचंय."

ही इच्छा तो चेष्टेवारी बोलत असे, पण ती चेष्टा नव्हती. बागाइतदाराला दुसऱ्याचं झाड पाहण्याची भूक असते, ती बाहेरच्याला कळायची नाही. आणि दादा तर आजारपणामुळे नगरच्या पलीकडे गेलेलाच नव्हता. त्यामुळे दुष्काळाच्या आदल्या साली आमच्याकडच्या फळबागाइतदारांच्या संघाने कुलूच्या सफरचंदांच्या बागा पाहण्याचा दौरा काढला, तेव्हा पहिलं नाव दादाने दिलं. दुसरं निवृत्तीनानांनी. नाना म्हणजे दादाचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी, आणि बांधाला बांध असूनही एकमेकांचे मित्र, हे आमच्या तालुक्यात जरा दुर्मिळच.

आणि मग निघालं ते विम्याचं. संघाचे सेक्रेटरी शिकलेले, धोतर-कोटातले, नियमाचे पक्के. डोंगरातले रस्ते, परका मुलूख, म्हणून त्यांनी ठरवलं, की येणाऱ्या प्रत्येकाचा प्रवासापुरता विमा उतरवायचा. अपघात झाला, माणूस आजारी पडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तर कंपनी पाहून घेईल. विमा नाही त्याला गाडीत जागा नाही. हा प्रकार आमच्याकडे तोवर कुणी ऐकलाही नव्हता. बैलाला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात, तसंच काहीतरी असेल, अशी बहुतेकांची समजूत. बाकीच्यांचे विमे पटापट झाले. जुना आजार असलेला एकटा दादा. त्याला कंपनीने नेमून दिलेल्या नगरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टर 'हो' म्हणाले तर सफरचंद, 'नाही' म्हणाले तर खाट, इतका सरळ मामला होता.

तपासणी सोमवारी ठरली. दादाने मला कळवलं, की मी एस.टी.ने येऊन परस्पर दवाखान्यात जातो, तू शाळा सुटली की तिथेच ये. मी गेले. बाहेरच्या बाकावर दादा आणि निवृत्तीनाना बसले होते. दादाचं कपाळ पिवळं, कान पिवळे, मान पिवळी, हात कोपरापर्यंत पिवळे, नखं तर विचारूच नका. मी किंचाळलेच, "दादा, किती दिवस झाले कावीळ होऊन?"

"कावीळ कशाची?" दादा म्हणाला. "भंडारा हाय."

झालं होतं ते असं. आमचं घराणं खंडोबाचं. कुठल्याही मोठ्या कामाला निघताना आमच्याकडे तळी भरतात. पाच जणांनी मिळून ताम्हण उचलायचं, त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा म्हणजे हळद. 'यळकोट यळकोट जय मल्हार' म्हणायचं आणि भंडारा कपाळी लावायचा. आदला दिवस रविवार, देवाचा वार. सरूवहिनींना, म्हणजे माझ्या भावजयीला, वाटलं, नवऱ्याची डॉक्टरांपुढे परीक्षा आहे, तर देवाच्या पदरात घालून धाडावं. गावातल्या माणसांना कळलं, की खंडूअण्णा कुलूला जाण्यासाठी डॉक्टरांकडे चाललाय. जो तो मूठभर भंडारा घेऊन आला. नुसता कपाळाला लावून कुणाचं समाधान झालं नाही. उधळला, माखला, गळ्यात पडून चोळला. सकाळी दादा तशाच अंगाने निघाला, कारण देवाचा भंडारा इतक्या लवकर कसा धुवायचा? वाटेत भुरभुर पाऊस लागला, घाम आला, हळद अंगात मुरली. लिव्हरच्या तपासणीला पिवळा होऊन जाणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, आणि त्याला तसा करून पाठवणारं गावही.

डॉक्टर वयस्क, चष्मेवाले. दादा आत शिरताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "अहो, यांना माझ्याकडे कशाला आणलंत? आधी इस्पितळात दाखल करा!"

"भंडारा हाय, साहेब," निवृत्तीनाना म्हणाले.

"काय आहे?"

"जय मल्हार, साहेब. यळकोट."

डॉक्टर बहुधा आमच्या भागात नवे होते. त्यांनी दादाचा हात हातात घेतला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि काय समजायचं ते समजले. तरी कर्तव्य म्हणून डोळे पाहायला खालची पापणी ओढली. पण त्यांच्याच बोटाला आता हळद लागलेली! ती डोळ्यात गेली, डोळ्यातून धारा लागल्या आणि तो लालभडक झाला. डॉक्टर हताश होऊन खाली बसले. "हे बघा, तुमच्या अंगावरचं पिवळं कुठलं देवाचं आणि कुठलं लिव्हरचं, हे मला सांगता येणार नाही. स्वच्छ धुऊन पुढच्या सोमवारी या." बाहेर आल्यावर दादा एक डोळा मिटून मला म्हणाला, "कमळे, डॉक्टरपाशी काय लपवू न्हाई, देवापाशी मागाया लाजू न्हाई. पन दोघांची गाठ एकाच दिशी घालू न्हाई."

आठवडाभर तो आमच्याकडे केडगावला राहिला. त्या आठवड्याइतकी मी आयुष्यात हसले नसेन. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी कपड्याच्या साबणाची वडी आणि काथ्या घेऊन त्याला न्हाणीघरात नेलं. हळदीला साबण लागला की काय होतं, हे कुंकू करणाऱ्याला विचारा. दहा मिनिटांनी दादा बाहेर आला तो तांबडालाल. "पिवळं गेलं गं," तो म्हणाला, "आता डॉक्टर म्हनंल, ह्येला गोवर झाला." मग लिंबू झालं, दही झालं, डाळीचं पीठ झालं. शेजारच्या बायका रोज सकाळी येऊन त्याची नखं पाहून जात आणि आपापलं मत देत. दादा ओसरीवर हातपाय पसरून बसायचा आणि येणाऱ्याला विचारायचा, "काय, निवळलो का?"

दुसऱ्या सोमवारी तो धुतल्या तांदळासारखा होऊन गेला. डॉक्टरांनी या वेळी सगळं नीट पाहिलं. पोट दाबलं, पाठ ठोकली, डोळे उजेडात धरले. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. लिव्हर वाढलेलं होतं. डोळ्यांत थोडी पिवळी झाक होती, आणि ती भंडाऱ्याची नव्हती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला एवढ्या लांब जायचंय कशाला?"

मला वाटलं, दादा आता काहीतरी गमतीचं बोलेल. पण त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "साहेब, जलमभर आजारी मानसाचं फळ खाल्लं. समदी मला भेटाया येत्यात, म्या कुनाकडं जात न्हाई. एकदा मीच त्या फळाला भेटाया जावं, आसं मनात हाय." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि ते म्हणाले, "मी खोटं लिहिणार नाही. पण पथ्य पाळलंत तर प्रवास करू शकाल, हेही खोटं नाही. दोन्ही लिहितो." मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

कंपनीचं उत्तर आलं, ते सेक्रेटरींनी संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचलं. मीही गेले होते, मागे उभी होते. कंपनीने दादाचा विमा मंजूर केला होता, पण एक अट घालून. त्याच्या सगळ्या देहाचा विमा उतरवला होता, लिव्हर सोडून. लिव्हरला काही झालं किंवा लिव्हरपायी आणखी कशाला काही झालं, तर कंपनीची जबाबदारी नाही. बैठकीत हशा पिकला. दादाने तर उठून भाषणच केलं. "म्हंजी बगा सेक्रेटरी, गाडी दरीत गेली तर माझ्या हातापायाचं कंपनी बघनार, डोक्याचं कंपनी बघनार, आन् लिव्हर तेवढं आपलं आपन चालत घरी येनार. येईल, येईल. वाट इचारत इचारत येईल."

पण सेक्रेटरी हसले नाहीत. ते म्हणाले, "खंडेराव, मला वाईट वाटतं. पण तुम्हाला जे होण्याची भीती आहे, नेमकं तेच यातून वगळलंय. उद्या डोंगरात तुम्ही आजारी पडलात, तर सगळी गाडी थांबवायची का? तुमच्यापाशी कोण थांबणार? मी तुम्हाला नेऊ शकत नाही." हशा विरला. दादा अजून उभाच होता. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. इतक्या वर्षांच्या दुखण्यात मी त्याला कधी असा पाहिला नव्हता. दुखणं त्याने सोसलं होतं, पण हे सोसवेना. "बरोबर हाय तुमचं," असं म्हणून तो टोपी नीट करत दाराकडे निघाला. मला रडू फुटलं.

"बस की खाली," निवृत्तीनाना म्हणाले. "सेक्रेटरी, मला एक सांगा. कंपनीनं लिव्हर तेवढं सोडलंय न्हवं? मग त्याची आपुन सावड करू."

शहरी वाचकांसाठी सांगते. सावड म्हणजे अडीनडीची वाटणी. पेरणीला तुझे बैल माझ्याकडे, माझे तुझ्याकडे; आज सगळे मिळून माझ्या शेतात, उद्या सगळे मिळून तुझ्या. यात पैसा नसतो. नानांचं म्हणणं असं, की पेरणीची सावड होते, मळणीची होते, तर लिव्हरची का नको? पाळी लावू. दौऱ्यात ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी खंडूअण्णाचं पथ्यपाणी त्याने बघायचं. अण्णा पडलाच, तर पाळीवाल्याने त्याच्याजवळ थांबायचं, मागाहून त्याला घेऊन घरी यायचं. बाकीची गाडी पुढे जाईल. नियम राहिला आणि माणूसही राहिला. नाना बोलून थांबले आणि पाहता पाहता सगळे हात वर झाले. "पयली पाळी माझी," "मला वापसीत द्या, मी येताना थांबतो," असा गलका झाला. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "पण मी याची नोंद कशी करू?" ते म्हणाले. नाना म्हणाले, "सावडीची नोंद कुठं आसती व्हय?" सेक्रेटरींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "माझीही एक पाळी धरा." दादाने दाराला पाठ टेकून डोळ्यांना उपरणं लावलं. मी त्या वेळी देवाला नाही, माणसांना नमस्कार केला.

घरचं माणूसही बरोबर हवं असं ठरलं. सरूवहिनींना गाडी लागते. राहाता ते शिर्डी एवढ्या वाटेतही त्यांना लिंबू हुंगावं लागतं. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुमीच जावा. मला त्या झाडाचं एक पान आना, बास." अशी मी त्या दौऱ्यात गेले. मनमाडहून रेल्वे, मग दिल्ली, मग अंबाला. दादाने बागेतल्या कच्च्या पेरूंची करंडी बरोबर घेतली होती. ते वाटेत पिकत गेले आणि डब्यात असा घमघमाट सुटला, की परके प्रवासी येऊन आमच्या बाकापाशी बसू लागले. पाळीवाले पाळी इतक्या निष्ठेने करत, की दादाला श्वास घ्यायला सवड मिळेना. एक पाणी उकळून आणतोय, दुसरा त्याच्या ताटातली फोडणी बोटाने वेगळी करतोय, तिसरा दर स्टेशनाला त्याचे डोळे उघडून बघतोय.

अंबाल्याला एका ढाब्यावर आमच्या मंडळींना पंजाबी लोणी भेटलं. पराठ्यावर लोण्याचा गोळा, वर हातभर लस्सीचा पेला. राहात्याची तगडी माणसं, विमा उतरवलेली, कुणाला काय बंदी! दादा आपली भाकरी आणि पाणी घातलेलं दही घेऊन एका बाजूला बसला. दुसऱ्या दिवशी, उतरलो होतो त्या धर्मशाळेत अख्खा दौरा आडवा. ज्याची पाळी होती तो आडवा, ज्याची उद्या होती तो आडवा, सेक्रेटरी तर भिंतीकडे तोंड करून 'आई गं' करत होते. संघातल्या माणसांत धडधाकट उभा होता तो एकटा दादा. जन्मभर पोट सांभाळलेला माणूस. कशाला काय द्यायचं हे त्याला तोंडपाठ. त्याने मला चूल पेटवायला लावली, तांदळाची पेज केली, आल्याचं ताक केलं, आणि वाटी घेऊन या उशाकडून त्या उशाकडे फिरत राहिला. सेक्रेटरींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, भिऊ नका. तुमच्या तर लिव्हरचा बी इमा हाय." सेक्रेटरी दुखत्या पोटाने असे हसले, की पुन्हा कळ आली.

आणि मग कुलू. वळणावळणाचा रस्ता संपला आणि गाडी एका बागेपाशी थांबली. दादा उतरला आणि जागीच थबकला. उतारावर ओळीने झाडं, आणि झाडांवर लालबुंद सफरचंदं, पानांपेक्षा जास्त. कागद नाही, खोकं नाही. दादा एका झाडाखाली गेला, एक फळ न तोडता तळहातावर तोललं आणि हसला. लहान मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं ते हसू. "कमळे," तो म्हणाला, "चांगलं धट्टंकट्टं हाय गं हे." मग खोडाची साल पाहिली, माती चुरडली, छाटणी कशी केलीय ते वाकून पाहिलं, आणि बागेच्या मालकाशी बोलायला लागला. तो त्याच्या बोलीत, दादा मराठीत. दोघांचं उत्तम चाललं होतं. मालकाने टोपलीभर फळं पुढे केली. दादाने ती कपाळाला लावून आमच्या मंडळींत वाटली आणि मालकाला आपले पेरू दिले. त्यातला एक पेरू हातात घेऊन मालकाने घराकडे बोट दाखवलं. आत त्याचे म्हातारे वडील आजारी होते. त्यांना द्यावेत का, असं तो विचारत होता.

दादा पेरू घेऊन आत गेला. मी दारात उभी होते. लाकडी खोली, खिडकीपाशी खाट, खाटेवर गोधडीत एक सुरकुतलेला म्हातारा. दादा खाली बसला, पेरू त्याच्या नाकाजवळ धरला. म्हाताऱ्याने वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला आणि बोळक्या तोंडाने हसला. दादाने त्याचा हात धरला आणि आपल्या भाषेत बोलत राहिला, आमच्या पाटाचं पाणी, आमच्या बागेतली पाखरं, असलं काहीबाही. किती वेळ ते आठवत नाही. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा उठला. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सफारचंद बघितलंच. पन आज पयल्यांदा मी खाटंवर न्हवतो गं कमळे. खाटंच्या बाजूला बसलो." मी झाडाचं एक पान तोडून वहिनींसाठी पदराला बांधलं.

त्यानंतर दादाला ते व्यसनच लागलं. राहात्यात, पंचक्रोशीत, कुणी आजारी पडलं की हा पेरू घेऊन हजर. गंभीर चेहऱ्याने बसायचा नाही. रोग्याला हसवून, घरच्यांना पथ्य सांगून, चहा नाकारून यायचा. दुष्काळातही, झाडाला फळ नव्हतं तेव्हा, नुसता जाऊन बसायचा. यंदा त्याचं स्वतःचं दुखणं मात्र बळावलं आणि पडवीत पुन्हा खाट पडली. डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा दौऱ्यातली माणसं यायला लागली. आज हा, उद्या तो. कुणी बोलावलं नव्हतं. खाटेशेजारी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून भाव सांगायचे, पाटाच्या पाण्याच्या भानगडी सांगायचे, अंबाल्याच्या लोण्याची नक्कल करायचे. दादा हसायचा, आणि हसून दमला की डोळे मिटून ऐकत राहायचा.

गेल्या रविवारी मी राहात्याला गेले. खाट उभी करून भिंतीला लावली आहे. स्टूल मात्र होतं तिथेच आहे. वहिनी त्याच्याभोवतीने सारवतात, पण हलवत नाहीत. मी पडवीत बसले होते, तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, स्टुलावर बसले आणि खाटेच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग उठून धोतर वर खोचलं. वहिनींनी न विचारता बागेतल्या तोडणीची टोपली त्यांच्या हातात दिली. बहर ऐन भरात आला आहे आणि तोडायला घरात माणूस नाही. नाना आधीच झाडावर होते. मी म्हटलं, "सेक्रेटरी, दौरा तर केव्हाच संपला. माणूसही गेला. आता कसली सावड?"

ते टोपली काखेला लावून थांबले. "बाई, आम्ही खंडेरावांची पाळी लावली होती, पण त्या सगळ्या दौऱ्यात ते एक दिवसही पडले नाहीत. पडलो आम्ही. पेज त्यांनी पाजली. आमची पाळी व्हायची राहिली आहे." एवढं बोलून ते उतरून बागेत गेले. वहिनी चुलीपाशी गेल्या, सगळ्यांचा चहा ठेवायला. मी डोळे पुसले, पदर खोचला आणि दुसरी टोपली शोधायला लागले.